धुक्यातली धुळ्याची बाई

लीड्सहून डिंपलचा आईला वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. नानांचा खोकला थांबला का?

इथं मला कुणी एशियन म्हणतं, कुणी इंडियन, पुण्याची रूममेट खान्देशी. वाटायचं, ही सगळी नावं झटकून टाकावीत.

काल बस धुक्यातून तरंगल्यासारखी चालली होती. माझे डोळे मिटत होते. मागून एक बाई फोनवर आपल्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठं बरं शे." क्षणभर मी आपल्या ओट्यावरच होते. वळून बघितलं, दोघी हसलो. ती धुळ्याची निघाली.

तिनं आडनाव विचारलं नाही, मीही नाही. रविवारी तिनं मला भरीत-भाकरीला बोलावलंय.

तू फोनवर विचारशील, "आपल्यातली आहे का?" मला माहीत नाही, आई. जेवून येईपर्यंत तरी माहीत करून घ्यायचं नाही.

तुझीच,
डिंपल