मला सोडवायला आलेला पुतण्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींच्या कानातलं यंत्र दुरुस्त झालं का, की ते बिघडलेलंच त्यांना बरं वाटतं? माझी तब्येत ठणठणीत. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर. घरात कुणाचा आवाज नाही, त्यामुळे झोपही छान लागते, असं आपलं म्हणायचं. पत्रास कारण की, कारण विशेष नाही. परवा तू फोनवर विचारलंस, "अरे, पोलीस चौकीचं काय ऐकते मी?" आणि मी म्हणालो, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. तोंडानं सांगायची लाज वाटत होती, म्हणून लेखी कळवतो.

आमच्या जिन्याखालचा इस्त्रीवाला तुला आठवत असेल. गेल्या खेपेला त्याने केलेली तुझ्या साडीची घडी तुला मोडवेना, म्हणून तू ती तशीच परत नेली होतीस. तोच. चाळिशीचा, अंगाने किरकोळ, टेबलाच्या फळीवर रंगाने मोठ्ठा फोन नंबर लिहिलेला. आता निवृत्त माणसाला इस्त्रीचे कपडे कशाला लागतात, असं तू म्हणशील. नाहीच लागत. पण (हे भावोजींना वाचून दाखवू नकोस) मी रोज कपाटातून एक चांगला इस्त्रीचा शर्ट काढतो, दोन्ही हातांनी चुरगाळतो आणि खाली घेऊन जातो. ही गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. आणि नुसतंच रिकाम्या हातानं जाऊन कोणापुढे उभं राहणं मला जमत नाही. परवाना कचेरीत, परदेशातून येणाऱ्यांचे राहण्याचे परवाने तपासण्यात जन्म गेला माझा. समोर येणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी कागद असायलाच हवा, ही सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की स्वतः जातानाही निदान शर्ट लागतो. तोही बिचारा एका शर्टाला तासभर लावतो. काल केलेला शर्ट आज परत कसा आला, असं त्याने आजवर एकदाही विचारलेलं नाही.

तर झालं असं, की शेजारच्या इमारतीत चोरी झाली आणि आमच्या समितीला कंठ फुटला. इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाचे ओळखीचे कागद तपासायचे असा ठराव झाला. अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर (दुसऱ्याला तोंड उघडायला लावून आत डोकावायची त्यांना सवयच आहे). तपासायचं काम एकमताने माझ्याकडे आलं, कारण बैठकीला बाकी कोणी आलंच नव्हतं. मला काय, आंधळा मागतो एक डोळा! दूधवाला तपासला, झाडूवाली तपासली, रखवालदार तर दोनदा तपासला. मग जिन्याखाली गेलो. इस्त्रीवाला हातातली इस्त्री न थांबवता म्हणाला, "काका, माझ्याकडे कागद नाहीत." तो सरहद्दीच्या नदीपलीकडचा निघाला. तिकडचा कापडाचा कारखाना बंद पडला, घरात खायला नाही, तेव्हा एका सकाळी धुक्याचा फायदा घेऊन हा नदी ओलांडून आला. बायको आणि मुलगी तिकडेच. मुलगी तेव्हा रांगत होती, आता शाळेत जाते. मी उभ्या उभ्या मनात सगळी कलमं चाळली. तिकडे छळ होत असता तर आसरा द्यायचं कलम होतं. नुसती भूक असेल तर कलम नाही. मी म्हणालो, मला कळवावं लागेल. तो म्हणाला, लागणारच, आणि माझा शर्ट घडी करून हातात दिला.

ताई, तुला वाटेल हा किती दगड आहे. पण मी आयुष्यभर रांगा पाहिल्या आहेत. माणसं पहाटेपासून येऊन बसायची, एक कागद कमी पडला की परत जायची, पुन्हा यायची. जो रांगेत उभा राहिला त्याच्या पोटाला भूक नव्हती असं थोडंच आहे? मागून येऊन आत घुसणाऱ्याला सोडलं तर रांगेतल्या माणसाच्या तोंडाला आपण पानं पुसली, असं माझं प्रामाणिक मत होतं आणि आहे. तेव्हा कळवायचं हे नक्की झालं. फक्त पाय निघेनात. इस्त्रीवाल्याला तोंड दाखवायला नको म्हणून मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो, इस्त्री बंद, बोलणं बंद. ते दिवस किती लांब होते ते सांगत नाही. एकदा तर मी बराच वेळ टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईंना उत्तरं देत होतो.

शेवटी एका सकाळी मनाचा हिय्या करून चौकीवर गेलो. हवालदाराला म्हटलं, एका बेकायदा राहणाऱ्या माणसाबद्दल कळवायचं आहे. तो म्हणाला, आधी तुमचं ओळखपत्र दाखवा. खिशात हात घालतो तर खिसा रिकामा! ओळखपत्र, फोन, सगळं घरी टेबलावर. ज्याने जन्मभर लोकांना "मूळ प्रत कुठे आहे?" म्हणून माघारी पाठवलं त्याच्यावर ही पाळी. बरं, इथे गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मी हवालदाराची पाठ थोपटली. म्हटलं, शाबास, ओळख पटल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवायचा नाही, मीही ठेवला नसता, मी परवाना कचेरीचा मुख्य होतो. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. दाढी वाढलेली (बघतंय कोण, म्हणून राहिली होती), शर्ट चुरगळलेला, बटणं एक घर चुकवून लावलेली. तो आत जाऊन कोणाशी तरी कुजबुजला आणि बाहेर येऊन एकदम मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, घर कुठे आहे आठवतंय का?" हल्ली म्हातारी माणसं घरातून निघतात आणि वाट चुकतात, त्यांना कोणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय सोडायचं नाही, असा त्यांना वरून हुकूम आहे. हुकूम उत्तम आहे, असं मी त्याला सांगितलं. त्यावर त्याची उरलीसुरली शंकाही फिटली.

मला बाकावर बसवलं, पाणी दिलं, बिस्किटं दिली. पत्ता मी बिनचूक सांगितला, तर पुढचा प्रश्न, घरी तुम्हाला ताब्यात घ्यायला कोण आहे? कोणी नाही. नातेवाईक? बहीण आहे, पण परगावी, आणि तिचा नंबर फोनमध्ये (रागावू नकोस, हल्ली कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो). मग तुम्हाला ओळखणारं एखादं माणूस सांगा, असं तो म्हणाला. अर्ध्या शहराचे परवाने माझ्या सहीचे, ताई, आणि मला ओळखणारं एक माणूस आठवेना. त्या बाकावर बसून मी खरंच आठवत राहिलो. एकेक चेहरा यायचा, आणि तो माणूस एकतर गेलेला असायचा किंवा मुलांकडे राहायला गेलेला. आणि एकदम माझ्या तोंडून एक नंबर बाहेर पडला. रोज तासभर ज्या फळीसमोर उभा राहतो तिच्यावरचा. मी जीभ चावली, पण हवालदाराने फोन लावलासुद्धा होता.

आणि तो आला. कागद नसलेला माणूस आपल्या पायांनी पोलीस चौकीत आला, माझी ओळख पटवायला! अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला. त्याला बघून हवालदार खुर्चीतून अर्धा उठला. "हे आमचे काका. मी पुतण्या. यांना घरी नेतो," एवढंच तो म्हणाला, आणि त्याच्याकडे कोणी चिटोरंसुद्धा मागितलं नाही. उलट हवालदाराने त्यालाच बजावलं की म्हाताऱ्या माणसाला असं एकटं टाकत जाऊ नका. तो मान खाली घालून हो म्हणाला. सरकारी जागेत, माझ्यादेखत, धडधडीत खोटं बोललं गेलं, आणि मी, कागदपत्रांचा एवढा कर्दनकाळ, हातातलं बिस्कीट खात राहिलो.

रस्त्यात मीच विचारलं, मी तिथे कशाला गेलो होतो ते तुला कळलं होतं ना? तो म्हणाला, हो. मग आलास कशाला? "तुम्हाला बसवून ठेवलं होतं ना, काका," असं म्हणाला. जरा पुढे गेल्यावर सांगू लागला की पोलीस दिसला की लपायचं, असं जगण्याचा आता त्याला वीट आला आहे. काही मार्ग असला तर बघा, नसला तर तुम्ही तुमचं कळवा, मी पळून जाणार नाही, म्हणाला. मला भर रस्त्यात रडू फुटलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, पुतण्या म्हाताऱ्याला बोलला काहीतरी.

दुसऱ्या दिवशी माझ्याच जुन्या कचेरीत गेलो, पण खिडकीच्या बाहेरच्या बाजूने. ती खिडकी इतकी खाली आहे हे मला कधी कळलंच नव्हतं, कमरेचं पार भजं झालं. रांगेत माझ्यापुढे दवाखान्यातली एक परिचारिका होती. मला हल्ली माणूस दिसलं की बोलण्याचा मोह आवरत नाही. तिला सगळी हकीकत सांगितली, वाटलं तिचे डोळे पाणावतील. तर ती फणकाऱ्याने वळून म्हणाली, "म्हणजे आम्ही रांगेत उभे आहोत ते मूर्ख म्हणून का? माझा नवराही आला असता धुक्यातून. मीच नको म्हणाले. मुलगा झाला तेव्हा तो तिकडे होता, मुलगा चालायला लागला तरी तो तिकडेच आहे." तिचं खरं आहे, आणि चौकीत तो माझ्यासाठी आला हेही खरं आहे. ही दोन्ही खरी एका फाइलीत कशी लावायची ते मला कोणी शिकवलं नाही.

खिडकीत आमचा पेन्सिल बसला होता. माझ्या हाताखाली लागला तेव्हा काडीसारखा होता म्हणून हे नाव. आता खुर्चीत मावत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याने मला सगळे नियम ऐकवले, तेही हुबेहूब माझ्याच सुरात. सार असं, की जो स्वतःहून हजर होतो त्याला कोठडीत टाकत नाहीत. सुनावणीची तारीख मिळते, ठेवायचं की परत पाठवायचं ते न्यायाधीश ठरवतात. तोवर दर आठवड्याला हजेरी, आणि ज्याच्या घरी राहायचं असा एक जामीन. मी पेन्सिलला बजावलं, याला कोणाच्याही पुढे घालायचं नाही, शेवटी उभा करायचा. इस्त्रीवाला हजर झाला. त्याला लांबची का होईना, तारीख मिळाली. जामीनही मिळाला. कोण ते विचारू नकोस, एक सज्जन निवृत्त गृहस्थ आहेत.

तेव्हा सांगायचं ते इतकंच, की कायद्याचं कायद्याने चाललं आहे, मी कुठेही मध्ये पडलेलो नाही, आणि तुझ्या कानावर आलं त्यात लोकांनी तिखटमीठ लावलेलं आहे. भावोजींना नमस्कार, जरा मोठ्याने सांग. लोभ असावा असं तुला काय लिहायचं, तो धरणारी आता तू एकटीच आहेस.

तुझा,
धाकटा

ता. क. – ते सज्जन गृहस्थ मीच. इस्त्रीवाला मागच्या खोलीत राहायला आला आहे, म्हणजे तुझ्या खोलीत. तुझी पेटी माळ्यावर नीट झाकून ठेवली आहे. तुझ्या पलंगावर तो झोपत नाही, हजारदा सांगितलं तरी खालीच झोपतो. अध्यक्षांनी आदळआपट करून त्याची जिन्याखालची इस्त्री बंद करवली, पण त्यांच्या घरच्या चादरी चुरगळलेल्या राहू लागल्यावर घरूनच दबाव आला.

ता. क. दुसरा – घर बाबांनी आपल्या दोघांच्या नावावर केलेलं असल्यामुळे जामिनाला तुझीही संमती लागते. कागद सोबत जोडला आहे, खूण केली आहे तिथे सही कर. तो महिनाअखेरपर्यंत नाही पोचला तर जामीन रद्द होऊन इस्त्रीवाल्याला कोठडीत जावं लागेल. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही (बोलणार नाही, इतकंच).

ता. क. तिसरा – हा भाग वाचून फाडून टाक. निकाल त्याच्या बाजूने लागला तर तो बायको-मुलीला रीतसर आणील आणि वेगळी जागा बघेल. विरुद्ध लागला तर त्याला नदीपलीकडे नेऊन सोडतील. कसंही झालं तरी मागची खोली रिकामी होणार. आणि ताई, सकाळी तिकडून खोकल्याचा आवाज येतो गं. कोणीतरी बादली सरकवतं. परवा पेन्सिलचा फोन आला होता. म्हणाला, साहेब, एक सुनावणी रद्द झाली आहे, तुमच्या माणसाला पुढच्याच महिन्यातली तारीख देता येईल. मी म्हणालो, नको, रांग म्हणजे रांग. पेन्सिल गहिवरला, म्हणाला, साहेब, तुम्ही अजून तसेच आहात. इस्त्रीवाल्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी सांगायचं ठरवून उठतो, आणि तेवढ्यात तो दारातून विचारतो, "काका, चहा ठेवू का?"