बदलीचं कार्ड

सावली
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

चि. रंजीता हिस देवरावभाऊचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आज बावीस दिवस झाले. उत्तराला मी एवढा उशीर कधी लावत नाही. मधे धानाची कापणी निघाली, मजूर मिळेनात, तुझ्या वहिनीचा गुडघा पुन्हा धरला, असं सगळं लिहिता येईल आणि ते खरंही आहे. पण मजूर मिळाले, गुडघा सुटला, तरी कागद कोराच राहिला.

इकडे सगळं ठीक. दुकानात आता रेडिओ येत नाहीत, फुटलेल्या मोबाईलच्या काचा येतात. वर्षभरात तीन रेडिओ आले, त्यातल्या एकात पालीनं अंडी घातली होती. हर्षाला चष्मा लागला असं लिहिलंस. तिला म्हणावं, बापालाही तिसरीतच लागला होता, आणि तो लहानपणी चष्मा घालूनच झोपायचा. तुझ्या सासूबाईंचा, बायनाबाईंचा दमा कसा आहे? थंडी सुरू झाली, त्यांना पहाटे बाहेर निघू देऊ नकोस.

तुझी आई मागच्या आठवड्यात दुकानात आली होती. टॉर्च बिघडला म्हणाली. टॉर्चला काही झालं नव्हतं, सेल उलटे घातले होते, आणि मला वाटतं मुद्दाम घातले होते. इकडंतिकडं बघून म्हणाली, "पोरगी शाळेत जाते ना भाऊ? कोनावर गेली?" मी म्हटलं, बापावर, राजदीपवर. मग ती बराच वेळ टॉर्च लावत-विझवत बसली.

आता तुझ्या पत्राकडे वळतो. वळायलाच हवं.

'बिनकामाची कचेरी'ला डिसेंबरात वीस वर्षं होतात, रेडिओवाले जुन्या श्रोत्यांचा मेळावा घेणार आहेत, जे आज नाहीत त्यांचा मान घरच्यांना देणार आहेत, तर हर्षाला घेऊन येशील का, असं मी विचारलं होतं. त्यावर तू लिहिलंस:

"भाऊ, त्या कार्यक्रमाचं नाव माझ्यासमोर काढू नका. ते कार्ड त्यायनंच टाकलं होतं. त्या गुरुवारी मी विचारलं तर हसून म्हणाले, मीच टाकलो, निलंबित होऊन राह्यलो होतो ना. एका कार्डाच्या हौसेपायी मले अन् पोटातल्या लेकराले सोडून गेले. हर्षा विचारते बाबा काऊन गेले, तर मी तेच सांगते."

हे वाचलं आणि भर दुपारी मी दुकानाचं शटर ओढलं.

रंजीता, आता मी जे लिहितो त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी सविस्तर लिहितो, कारण हे पत्र तू हर्षाला वाचून दाखवावंस अशी माझी इच्छा आहे, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही.

हर्षा बेटा, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला रेडिओवर पंधरा मिनिटांचं एक नाटक लागायचं. एक सरकारी कचेरी. तिथं निवांते नावाचे साहेब आणि डोमाजी नावाचा शिपाई. दोघं मिळून कुणाचंही काम होऊ द्यायचे नाहीत. एक म्हातारा तर दोन वर्षं जिवंत असल्याचा दाखला मागत होता आणि डोमाजी त्याला म्हणायचा, "बावा, मेल्याचा असन तर आत्ता देतो, तयारच हाये." आम्ही पोट धरून हसायचो. नाटक संपलं की डोमाजी 'आजची आवक' वाचायचा, म्हणजे श्रोत्यांची आलेली कार्डं, नाव-गावासकट. त्याचे नियम होते. श्रोता हा कचेरीचा कर्मचारी. तीन गुरुवार कार्ड आलं नाही की कर्मचारी निलंबित, आणि घंटी वाजवून तसं जाहीर व्हायचं. गाव बदललं की डोमाजी बदलीचा हुकूम वाचायचा.

आमची सावली शाखा माझ्या दुकानासमोरच्या बाकावर भरायची. रेडिओ माझा म्हणून मी बडे साहेब. तुझा बाबा सगळ्यांत शिकलेला, तरी त्यानं हट्टानं शिपायाची जागा मागून घेतली. बौद्धपुऱ्यातला, पाटीलपुऱ्यातला, सगळे त्या एका बाकावर खेटून बसायचे, जे गावात दुसऱ्या कुठल्या बाकावर होत नव्हतं. तुझी आई पाटीलपुऱ्यातली, ती तिथं पहिल्यांदा आली ती इयरफोन नीट करायला. डोमाजी ऐकून इतकी हसली की इयरफोन विसरून गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा आली आणि शाखेची टंकलेखिका झाली. सहा वर्षांत तुझ्या बाबाचं एकही कार्ड चुकलं नव्हतं. तेवढा रेकॉर्ड साऱ्या जिल्ह्यात कुणाचा नव्हता.

रंजीता, २०१६ च्या जानेवारीत तुम्ही दोघं निघालात. लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून मी सही केली, एसटीत मीच बसवून दिलं. घुग्घुसला कोळशाच्या काट्यावर त्याला काम लागलं, हे सावलीत फक्त मला माहीत होतं. तुझा भाऊ आदेश तीन आठवडे तुम्हाला शोधत फिरत होता, हेही मला माहीत होतं.

राजदीपनं त्या काळात कार्ड टाकलं नाही. कसं टाकणार? कार्डावर टपालाचा शिक्का येतो. तो माझ्यापेक्षा हुशार होता. दोन गुरुवार गेले. दुसऱ्या गुरुवारी डोमाजी म्हणाला, "सावलीचे राजदीप शिपाई कुठी हायेत? पुढच्या खेपेले घंटी वाजवतो मी."

आणि मला ते सहन झालं नाही. सहा वर्षांचा रेकॉर्ड, आमच्या शाखेची इज्जत. माणूस कशापायी आंधळा होईल सांगता येत नाही. शनिवारी दुकानात बसून मी कार्ड लिहिलं: 'आमच्या शाखेचे शिपाई राजदीप यांची सावलीहून घुग्घुस येथे बदली झाली असून ते कोळशाच्या काट्यावर रुजू झाले आहेत. सोबत टंकलेखिकाही रुजू. तरी निलंबन करू नये.' लिहून स्वतःशीच हसलो. चौकातल्या पेटीत टाकलं.

कार्ड मी टाकलं, रंजीता. राजदीपनं नाही.

एवढंच असतं तर कदाचित मी हे आठ वर्षांपूर्वीच तुला सांगितलं असतं. पुढचंही वाच.

गुरुवार, ११ फेब्रुवारी. दुकानाच्या छपराला मी भोंगा बांधायचो, तुला आठवत असेल. आपल्या शाखेचं नाव आलं की आवाज वाढवायची माझी सवय. त्या दिवशीही वाढवला. डोमाजीनं बदलीचा हुकूम अगदी रंगवून वाचला, वर म्हणाला, "आता दोघंबी कोळसा मोजा, तोंड काळं होईस्तोवर." साऱ्या चौकात हशा पिकला. मी मान वळवली तर काउंटरला आदेश उभा. मोबाईलची बॅटरी बदलायला आला होता. तो हसत नव्हता.

"घुग्घुसले, काट्यावर. असंच म्हनला ना तो?"

मी म्हटलं, "अरे तो नाटकातला शिपाई, काहीही बोलते."

"मले येडा समजता का भाऊ?" म्हणाला, आणि बॅटरी न घेताच गेला.

तो काउंटरला असतानाच माझा फोन वाजला होता. काचेवर राजदीपचं नाव. आदेशला दिसू नये म्हणून मी फोन पालथा घातला. तुम्ही दोघं तिकडे एकच इयरफोन दोन कानांत घालून ऐकत होता, हे तूच मला नंतर सांगितलंस. म्हणजे त्यानं ऐकलं आणि लगेच मला फोन लावला. टंकलेखिका हा शब्द तुझ्यासाठी फक्त मी वापरायचो. पहिल्या ओळीतच त्यानं मला ओळखलं असणार.

आदेश गेल्यावर मी राजदीपला फोन करायला हवा होता. आदेशनं ऐकलं, आजच्या आज खोली सोडा, एवढं बोलायला किती वेळ लागतो? शनिवारी नंबर लावलाही, आणि पहिली घंटी जायच्या आत कापला. 'आदेशनं ऐकलं' म्हणायचं तर आधी 'कार्ड मी टाकलं' म्हणावं लागत होतं. ते मला म्हणवेना. आदेश नुसता बोलघेवडा आहे, त्याच्यानं काय होणार, अशी मी स्वतःची समजूत काढली. सोमवारी दुकानात गर्दी होती. सोमवारी मी राजदीपची आठवणसुद्धा काढली नाही, हे खरं आहे आणि तेच मला सगळ्यात जास्त खातं.

मंगळवारी दुपारी दोनची पाळी सुटली तेव्हा काट्याच्या रस्त्यावर आदेश आणि त्याचा एक मित्र उभे होते. पुढचं मी काय लिहिणार, ओळख पटवायला तू गेली होतीस.

त्याला घरी आणलं तेव्हा बायनाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "भाऊ, तुमी होते म्हनून त्यायचं लगन तरी झालं." मी हात सोडवून घेतले नाहीत. कोर्टात आदेशनं 'गावात ऐकलं' एवढंच सांगितलं. मला कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून तोंड उघडलं नाही. दरवर्षी नवा तांदूळ घेऊन तुमच्याकडे धानोऱ्याला येतो, तू ताट वाढतेस, मी जेवतो.

आता तुझ्या पत्रातली ती ओळ. 'हसून म्हणाले, मीच टाकलो.'

गेले बावीस दिवस मी तिच्यावरच अडलो आहे. तो तुझ्याशी खोटं का बोलला? मला एकच कारण सापडतं. तुझं माहेर तुटलं होतं. अडीनडीला फोन करावा असा सावलीत तुझा एकच माणूस उरला होता, तो मी. तो तुझ्या मनातून उतरू नये म्हणून त्यानं माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली. आठ-पंधरा दिवसांनी तुझा राग निवला की खरं सांगू, असं त्यानं ठरवलं असेल. त्याला पाचच दिवस मिळाले. आणि आठ वर्षं तू त्याला दोष देत राहिलीस, मी तांदूळ आणत राहिलो.

मी त्याच्या मैत्रीच्या लायकीचा नव्हतो. हे लिहिताना रडू येतं आहे, पण त्याचा तुला काही उपयोग नाही.

मेळाव्यात मांडायला म्हणून रेडिओवाल्यांनी शाखेची जुनी कार्डं गठ्ठा बांधून परत पाठवली. त्यात ते सापडलं. सावलीचा शिक्का आहे, घुग्घुसचा नाही. सोबत जोडलं आहे. अक्षर पटत नसेल तर तुमच्या लग्नाच्या कागदावर साक्षीदाराची सही बघ. हे पत्र आणि कार्ड तू कुणालाही दाखव, वकिलाला दाखव, पोलिसांत दे. मी नाही म्हणणार नाही. मेळाव्याला मी जात नाही.

यंदाचा तांदूळ एसटीच्या पार्सलनं पाठवतो आहे. घेऊ नये वाटलं तर परत पाठव, मी समजेन. फक्त एक कर. हर्षाला समोर बसव आणि सांग की तिच्या बाबानं कार्ड टाकलं नव्हतं. तो तिला सोडून गेला नाही. घर सांभाळूनच होता.

आजवरच्या प्रत्येक पत्राखाली मी 'तुमचे बडे साहेब' अशी सही केली. आज खरी करतो.

ते कार्ड लिहिणारा आणि टाकणारा,
देवराव