वहिनीवर मारलेला शिक्का

नारिन, १२ फेब्रुवारी

प्रिय तेमिरदादा,

आईचा आणि माझा सलाम. बर्फ अजून गुडघाभर आहे. तांबड्या गायीला कालवड झाली. मॉस्कोत तुझं काम बरं चाललं असेल.

बुरुलायवहिनी मजेत आहे, असं लिहून पत्र संपवणार होते. हात धजत नाही.

इस्पितळात आम्हा परिचारिकांना व्यक्तिमत्त्वविकारांचे प्रकार शिकवले, आणि मला शिंगंच फुटली. शेजारचा म्हातारा संशयी प्रकारात, चमचे पुन्हापुन्हा पुसणारी मावशी काटेकोर प्रकारात. सगळे हसायचे, आईसुद्धा.

शुक्रवारी मावशीकडे जेवण होतं. तुझा फोन लागत नव्हता म्हणून वहिनी सकाळपासून कासावीस. वाढता वाढता म्हणाली, "त्याने मला टाकलं असेल, तर मी जगून काय करू?"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हा नाटकी प्रकार! लक्ष देऊ नका, आपोआप उतरेल."

बायका खो खो हसल्या. वहिनीने तळलेल्या बोर्सोकचं ताट खाली ठेवलं आणि कोट न घालताच बाहेर गेली. "आता दार आपटेल बघा," मी म्हटलं. तिने ते हळूच लावलं.

ती नदीकडे निघाली होती, दादा. आई गुडघेदुखी विसरून मागे धावली, म्हणून आज ती आहे.

इस्पितळात मी डॉक्टरबाईंना सगळं सांगून विचारलं, "म्हणजे नाटकी नाही, अस्थिर प्रकार का?"

"तुला अजून प्रकारच हवाय, मीरिम?" त्या कडाडल्या. "असं निदान करायला आम्हाला महिने लागतात, तुला एक जेवण पुरलं. आणि नाटकी म्हटलेल्या माणसाचं दुखणं खोटं असतं, हे कोणी शिकवलं तुला? आधी विचार, ती कशाला भ्यायली होती."

विचारायची गरजच नव्हती. तुझ्या तिथल्या दुसऱ्या संसाराबद्दल चुलतभावाने मला हिवाळ्याआधीच सांगितलं होतं. वहिनीची भीती खरी आहे हे ठाऊक असून मी तिला नाटकी म्हटलं. तसं म्हटलं की मला काही सांगावं लागत नव्हतं.

काल माफी मागितली, तर म्हणते, "तुझं काय चुकलं? माझंच डोकं ठिकाणावर नसतं. उगाच संशय घेते बिचाऱ्यावर." तिने थोबाडीत मारली असती, तर मला मान वर करता आली असती.

तू येऊन तिला खरं सांग. नवरोजपर्यंत आला नाहीस, तर डॉक्टरबाईंना शेजारी बसवून मी सांगेन. ती वेडी नाही, एवढं तरी तिला कळू दे.

तुझीच बहीण, पण आता वहिनीच्या बाजूची,
मीरिम