पुनमची न्याहारी

हिंगोली, मंगळवार

प्रिय हरीश,

संस्कृत शिकवणाऱ्या बाईला मायना चुकवता येत नाही, म्हणून 'प्रिय'. त्या शब्दाचा यापलीकडे अर्थ लावू नकोस.

चोवीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ओळ अजूनही उताराला लागलेल्या बैलगाडीसारखी खाली घसरते. तुझ्या पुनमला पीसीओडी निघालं, डॉक्टरीणबाईंनी सकाळी भरपूर प्रथिनं खायला सांगितली, रविवारी सेनगावचे पाहुणे तिला बघायला येणार, आणि तोवर कुणाला खबर न लागता पोरगी बराबर व्हावी, म्हणून मला झटपट न्याहारी विचारतोस. मलाच काहून, तेही लिहिलंस: तुला पण तीच तकलीफ होती ना. होती. अजून आहे. तुझी स्मरणशक्ती चांगली आहे, सोयीपुरती.

तर ऐक. मूग आदल्या दिवशी भिजत घालायचे, सकाळी मिरची-आलं टाकून वाटायचे, दोन धिरडी आणि वाटीभर दही. दहा मिनिटं लागतात. त्याहून घाई असेल तर मोडाची मटकी कांद्यावर परतायची, वर मूठभर शेंगदाणे. सगळ्यात सोपी दोन उकडलेली अंडी; पण तुमचं घर माळकरी, टरफलसुद्धा उंबरा ओलांडत नाही. वारंगा फाट्यावर ट्रकच्या आड उभा राहून डबल आमलेट खाणारा एक माळकरी मी दोनदा पाहिलाय. दिसायला थेट तुझ्यासारखा. पोरीलाही तिथवर नेत जा.

तुझी आई तिला सोळा सोमवार धरायला लावून राहिली म्हणतोस. नर्मदाबाईंना सांग, लंघन हे तापावरचं औषध आहे, पाळीवरचं नाही. पोरीला उपाशी ठेवून साबुदाणा चारला की हा आजार खूश होतो. त्यांना माझा नमस्कार सांगू नकोस. असल्या पोरीला लेकरू व्हत न्हाई, असं त्या माझ्याबद्दल म्हणाल्या होत्या. माझी दोन्ही लेकरं आता मलाच मीठ किती टाकायचं ते शिकवतात. आणि रविवारपर्यंत बरं व्हायचं तू डोक्यातून काढ. हे जन्मभर सांभाळायचं दुखणं आहे, धिरड्यानं पाच दिवसांत पळत नाही.

तुझ्या पत्राखाली पुनमचा नंबर होता. ही न्याहारी मी तिला कालच फोनवर सांगितली, त्यासाठी तुला लिहायची गरज नव्हती. पण फोन ठेवताना तिनं विचारलं, मावशी, पाव्हण्यांना कळलं तर बाबा काय म्हणतील? म्हणून हे पत्र. माझ्या वेळी तू काय म्हणालास ते मला पाठ आहे. काहीच नाही. साखरपुड्याचं ताट तुझ्या आईनं उचलून नेलं, तेव्हा तू आमच्या ओसरीच्या खांबाला टेकून चपलेचा अंगठा नीट करत होतास. रविवारी चहा यायच्या आधी पाहुण्यांना तू स्वतःच्या तोंडानं सांग. उठून गेले तर जाऊ दे. पोरगी दारामागून तुझ्याकडे बघत असेल. मीही तशीच बघत होते.

तुझी होता होता वाचलेली,
मंजुषा