गोंदण नव्हतं ते

पुसेगाव, १९४५

प्रिय रूपा,

तुझी उस्तानी, शाळेची बाई, अमिनाबी लिहून राहिली. दचकू नको. पाच वर्षांनी हिला काहून आठवण आली म्हणशील, तर म्हण बाई. तुझा हक्कच आहे.

तुला लेक झाल्याचं तुझ्या मायकडून, जिवनबाईकडून कळलं. डोंगरकड्याच्या तांड्यावर सासरी सुखात असशील. इकडे माझ्या ओसरीवरच्या शाळेत आता अकरा पोरी आहेत. खांबाजवळची तुझी जागा तशीच आहे. तिथं बसून तू पाटी गिरवायचीस, अन् अक्षर चुकलं की तांड्यातल्या बाया रडतात तशी गाऊन रडायचीस. पोरी खिदळायच्या. मीही हसले गं! वर तंबी दिली, माझ्या ओसरीवर हे रडगाणं चालणार न्हाई. त्या दिवसापासून तू टिपूस काढलं न्हाई. अन् मी मेली गावभर सांगत सुटले, तांड्याचं लेकरू कसं बराबर वळणावर आणलं म्हणून!

मग तुझ्या हातावर खुणा दिसल्या. तुमच्यात पोरींना गोंदतात, तेव्हा मला वाटलं गोंदणच. छान गोंदलंय, असंही म्हणाले. तू ओढणीखाली हात लपवलास. पुढं जिवनबाईनंच रडत सांगितलं, की आमी न्हाई गोंदलं, पोरगी सोताच जखमा करून घेते. तुला जवळ घ्यायचं सोडून मी काय केलं? बाकीच्या पोरींचे मायबाप काय म्हणतील, या भ्यानं तुला घरी धाडलं. पाटीसुद्धा ठेवून घेतली.

आता खरं सांगते. तुझ्या मागं मागं फिरायची ती माझी लेक नजमा बारा वर्षांची झाली. रमजानात तिचे अब्बा गेले. मी बजावलं, मोठी झालीस, रडू नको. ती रडली न्हाई. काल वेणी घालताना तिचं मनगट दिसलं. आमच्या घरात कुणी गोंदत न्हाई, रूपा. या खेपी चुकायला जागाच नव्हती.

मी रागावले न्हाई. तिचा हात धरून बसून राहिले, पण पुढचं मला येत न्हाई. तू येशील? लेकीला घेऊन ये, मी बैलगाडी धाडते. खांबाजवळ बसून नजमाला तुमच्यासारखं गाऊन रडायला शिकव. मीही शेजारी बसेन. हसणार न्हाई.

तुझीच,
माफी मागायलाही उशीर केलेली
अमिनाबी