लिंबाच्या पानांवरचे एकतीस डाग

२१ सप्टेंबर, सकाळी ७.१०
हेडसरांना शब्द दिला. ४ तारखेला, शनिवारी, शाळेत जिवंत प्रात्यक्षिक: लिंबावरची हिरवी अळी डिवचली की डोक्यातून नारिंगी शिंग काढते, असा वास सोडते की शत्रू पळतो. जमलं की विज्ञान मंडळाचा मार्गदर्शक मी. सध्या सारिका बाई आहेत. बीएस्सी! डिग्रीने नजर येत नाही. मी सूतगिरणीत स्टोअरकीपर होतो, सगळं स्वतः शिकलो. पुस्तकातला 'अळीचं बालपण' हा धडा सोडला. प्राथमिक आहे.

२३ सप्टेंबर
कुंडीतल्या लिंबाजवळ साखरपाणी ठेवलं. दहा टक्के, मोजून. फुलपाखरांच्या दोन-तीन माद्या लिंबावर घुटमळल्या. अंडी नक्की. नर मात्र शेजारच्या गोठ्यापुढे, गोमूत्राच्या चिखलात. क्षारांसाठी. मला माहीत आहे. भाईदास म्हणे, "नाना, त्यासले तुमनी साखर नको, आमना गोठाना चिखल गोड लागस." अडाणी.

२७ सप्टेंबर
लिंबाच्या पानांवर पक्ष्यांची शी. काळी-पांढरी, मोहरीएवढी, ९ ठिकाणी. शिरपूरच्या बुलबुलांना शिस्त नाही. ओल्या फडक्याने पुसली. माझी अळी घाणीत वाढणार नाही.

२९ सप्टेंबर
आज १४. जरा मोठी. पक्षी पळवायला जुन्या चकचकीत सीड्या टांगल्या. पक्षी एकही येत नाही, शी येतेच. भांडी घासणाऱ्या तानुबाई ओरडल्या, "नाना, ती शी हालस ना!" वाऱ्याने, असं समजावलं. वारा नव्हता, पण ह्या लोकांना किती समजावणार? पानांच्या कडा कुरतडलेल्या. टोळ.

२ ऑक्टोबर
८. बायको कोकिळा म्हणाली, स्वतःचं जेवलेलं ताट कधी उचललं नाही आणि पानं पुसताय. दुर्लक्ष केलं. हिरवी अळी अजून नाही. आळशी जात.

४ ऑक्टोबर, दुपारी १
कुंडी रिक्षाने शाळेत नेली. पानं आरशासारखी. अळी शून्य. हेडसर घड्याळ बघायला लागले. शेवटी सारिका बाईंनी पडद्यावर चित्र लावलं. काळी-पांढरी शी. म्हणाल्या, "ही लिंबावरची अळी, लहानपणीची. पक्ष्याने शी समजून सोडून द्यावं म्हणून अशी दिसते. मोठी झाल्यावर हिरवी होते." मग कुंडीकडे बघून, अगदी प्रेमाने, "नाना, झाड किती स्वच्छ ठेवलंत हो!"

घरी आलो. फडकं दोरीवर वाळतंय. बेरीज केली: ३१.

पक्षी एका अळीला फसतो. मला फसवायला एकतीस लागल्या.