रोज घडणाऱ्या गोष्टींचा काळ

४ जून, सोमवार
हॉलचा पंखा आजही बंद! बायकांच्या इंग्रजी वर्गाला नऊजणी. नाउन म्हणजे नाम — माणसाचं, वस्तूचं, जागेचं नाव, असं सांगितलं. भाजीवाली म्हणते, "नावं ठेवायला आम्हाला शिकवू नका, बाई!" सगळ्या खिदळल्या. नवी शिवणकामवाली तेवढी हसली नाही. सारखी घड्याळ बघत होती.

७ जून, गुरुवार
व्हर्ब म्हणजे क्रियापद. सब्जेक्ट म्हणजे करणारा. ऑब्जेक्ट म्हणजे ज्याच्यावर क्रिया होते ते. शिवणकामवालीने विचारलं, "ऑब्जेक्ट माणूस असतो का?" असतो की! हुशार आहे पोरगी. फार बरं वाटलं.

११ जून, सोमवार
साधा वर्तमानकाळ. रोज घडतं ते, सवयीचं. ही म्हणजे तो, शी म्हणजे ती; ते आले की क्रियापदाला एस. स्वतःच्या घराबद्दल दहा वाक्यं लिहायला लावली आणि वह्या तपासायला घेतल्या.

१४ जून, गुरुवार
शिवणकामवालीला दहापैकी दहा! 'ही लॉक्स द डोअर. ही कीप्स माय फोन.' एकही एस विसरली नाही. लाल शाईने 'उत्तम' लिहिलं. पण आज ती आलीच नाही.

१८ जून, सोमवार
आजही नाही. वर्ग सुटताना एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. "मी तिचा नवरा. तिला बरं नाही. वही देता? घरीच अभ्यास करील." दिली. वर म्हटलं — तुमची बायको फार हुशार आहे हो!
बसमध्ये ती वाक्यं आठवायला लागली. मी नुसते एस मोजले होते — वाचलं काहीच नव्हतं! सातवं वाक्य होतं, 'ही बर्न्स माय आर्म.' तो माझा दंड भाजतो.
त्यापुढे माझी बरोबरची खूण. आणि वही त्याच्या हातात.

१९ जून, मंगळवार
हजेरीपटातला पत्ता शोधत गेले. तिसरा मजला. बाहेरून कुलूप. हाका मारल्या. आत नळ सुरू होता, तो बंद झाला. बस्स, तेवढंच. शेजारीण म्हणाली, "नवराबायकोत पडू नका. माणूस चांगला आहे तो."
चौकीवर हवालदाराने विचारलं, "ती वही कुठे आहे?" कोणत्या तोंडाने सांगणार?
 

२१ जून, गुरुवार
फळ्यावर काही लिहिलं नाही. बायकांना सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. कोणी मला बोल लावला नाही, त्याचंच जास्त लागलं. भाजीवाली म्हणाली, "पत्ता द्या, बाई."

२३ जून, शनिवार
सकाळी दार वाजलं. भाजीवाली. म्हणाली, "कुलपाचं काय केलं ते विचारू नका." तिच्यामागे ती — अनवाणी, दंडाला ओलं फडकं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "बाई, वही त्याने जाळली. कोरी आहे एखादी? पोलिसांना लिहून द्यायचंय."